तुरळक ठिकाणी

ती मुलगी त्याच्या थोडी पुढे चालली होती. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते, बिस्किटांच्या कारखान्याचा भाजका गोड वास पार्ल्याच्या त्या भागात रोजच्यासारखा पसरला होता, आणि नंदकुमार सांताक्रूझच्या हवामान खात्यातली दिवसपाळी संपवून, रिकाम्या डब्याची पिशवी हलवत, कसलाही खास विचार न करता घराकडे निघाला होता. मुलगी तेरा-चौदा वर्षांची असावी. क्लासच्या वह्या छातीशी धरून ती सावकाश चालत होती. तिचा उजवा खांदा वर होता आणि डावा खाली. उजवीकडचं पाठीचं हाड कुडत्याच्या कापडातून उचलून आलं होतं, कंबर एका अंगाला सरकली होती, आणि त्यामुळे वेणी पाठीच्या मधोमध न पडता एका बाजूला लोंबत होती. अरेरे, त्याच्या मनात आलं, कुणाची बिचारी पोर. आईबापांचं लक्ष कुठे असतं कोण जाणे. एवढं मनात येऊन तो ते विसरूनही गेला असता. पण मुलगी त्याच्याच बिल्डिंगच्या फाटकात वळली, वळताना तिने मान वर करून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे पाहिलं आणि आत गेली. ती माणिक होती. त्याची मुलगी.

नंदकुमार फाटकाशी थांबला. मग मागे फिरून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेला आणि त्याने एक काडेपेटी घेतली. काडेपेटीची घरात गरज नव्हती. पण लगेच वर जाऊन दार उघडणाऱ्या माणिकला सामोरं जाणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. आपल्याला तिची दया आली होती. रस्त्यावरच्या कुणाचीही येते तशी, सहज, आणि त्या दयेत एक प्रकारचा सुटकेचा भाग होता, की हे आपल्याकडे नाही. तो रोज तिला पाहत होता. जेवायला समोर बसलेली, कॉटवर पोट टेकून वाचणारी, एशियाडच्या वर्षी घेतलेल्या टीव्हीसमोर गुडघे जवळ घेऊन बसलेली. चालताना, मागून, अशी त्याने तिला किती दिवसांत पाहिली नव्हती? ती चार महिन्यांची असताना तिला पालथी घालून तेल लावायचं काम तो हट्टाने करायचा. तेव्हा त्याच्या एका तळव्याखाली तिची सबंध पाठ मावायची, आणि बोट फिरवलं की कातडीखालचे मणके एकेक करून लागायचे, मटारच्या शेंगेतल्या दाण्यांसारखे. मग कधीतरी, ती अकरा वर्षांची असताना, सुनंदा त्याला हळूच म्हणाली होती, "अहो, आता तिला एकदम उचलून वगैरे घेत जाऊ नका. मोठी झाली ती." त्याला ते पटलं होतं. तेव्हापासून माणिक आतल्या खोलीत असली की तो दाराशी खाकरायचा. मुलगी त्याचीच राहिली, पण तिचं शरीर आईच्या ताब्यात गेलं. आणि मग तिने न्हाणीघराची कडी आतून लावायला सुरुवात केल्यावर आईच्याही ताब्यातून गेलं. त्या कडीच्या आड, दोन वर्षांत, हे झालं होतं.

रात्रीची जेवणं झाल्यावर त्याने सुनंदाला सांगितलं. ती टेलिफोन खात्यात होती, दिवसभर कानाला यंत्र लावून बसायची, आणि घरी आल्यावर कुणी हळू आवाजात बोललं की चिडायची. "नीट सांगा ना, काय वाकडं?" ती म्हणाली. त्याने आपल्याच खांद्यांनी तसं करून दाखवलं, आणि दाखवता दाखवता त्याला लाज वाटून तो थांबला. सुनंदा उठून आत गेली. दार लोटल्याचा आवाज आला, माणिकचं "काय गं आई, आत्ता कशाला" ऐकू आलं. बाहेर आली तेव्हा ती पदराला हात पुसत होती, हात कोरडे असूनही. "आहे," ती म्हणाली. "मी मागच्या दिवाळीला फ्रॉक शिवायला टाकला तेव्हा एक बाजू वर जात होती. मला वाटलं शिंप्यानेच घाण केली. मी त्याच्याशी भांडलेसुद्धा."

अंधेरीला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात डॉ. तळपदे नावाचे हाडांचे सर्जन होते. उंच, सावळे, हातांवर केस असलेले, बोलायला सरळ. त्यांनी माणिकला पाठ उघडी करून, हात जोडून पायाच्या अंगठ्यांकडे वाकायला सांगितलं. नंदकुमार झटकन भिंतीकडे वळला. भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यात एक हिमशिखर होतं. "अहो, इकडे बघा," डॉक्टर म्हणाले, "तुम्हालाच दाखवतोय मी." तो वळला आणि त्याने डॉक्टरांच्या हाताकडे पाहिलं, फक्त हाताकडे, जिथे जिथे तो हात जाईल तिथे. मग काळी फिल्म दिव्यावर लावली गेली. तिथे मात्र त्याला बघता आलं. पांढुरक्या बरगड्यांच्या मधून मणक्यांची रांग वर चढताना उजवीकडे गेली होती, मग आपली चूक कळल्यासारखी परत डावीकडे. फिल्मवर डॉक्टरांनी पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आणि कोन मोजला. आपल्या मुलीची पाठ आपण इतक्या वर्षांनी बघतोय ती ही, त्याला वाटलं, आणि आतून बघतोय.

"पट्टा लावण्याची वेळ गेली," डॉक्टर म्हणाले. "कोन साठच्या वर आहे. ऑपरेशन करून आत स्टीलची सळई बसवायची, वरच्या आणि खालच्या मणक्याला अडकवून ताण द्यायचा, आणि कमरेचं हाड काढून मधल्या मणक्यांवर रचायचं म्हणजे ते एकमेकांना धरतील. मग आठ-नऊ महिने प्लॅस्टर."

"आणि नाही केलं तर?" सुनंदाने विचारलं.

"तर वाढत जाणार. वय वाढीचं आहे ना. एका बाजूचं फुप्फुस दाबलं जातं. आज तिला जिना चढताना काही होत नाही, पंचविशीत दम लागेल. पुढे हृदयावर ताण."

"आणि केलं तर, धोका?" हे नंदकुमारने विचारलं.

डॉक्टरांनी माणिककडे पाहिलं. तिला बाहेर बसवायचं का, असा तो प्रश्न होता. पण तिला बाहेर जा म्हणण्याआधीच तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. "रक्त बरंच जातं, ते द्यावं लागतं," डॉक्टर म्हणाले. "जखमेत पू होऊ शकतो. सळई निसटू शकते, मोडू शकते. आणि मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो. पाठ सरळ करताना त्याच्यावर ताण येऊ शकतो. शंभरात एखाद्याच्या पायांवर परिणाम होतो. कधी तात्पुरता, कधी कायमचा. मी लपवत नाही. ते टाळायला आम्ही एक करतो. सळई ताणून झाली की भूल हलकी करतो, पेशंटला हाक मारतो आणि पाय हलवायला सांगतो. हलले की परत झोपवतो."

"मधेच?" माणिक म्हणाली. "पाठ उघडी असताना?"

"हो. पण दुखणार नाही. औषध चालू असतं."

"आणि मी उठून बसले तर?"

डॉक्टर हसले. "नाही बसणार. आम्ही धरून असतो." माणिक हसली नाही. तिने मान हलवली, शाळेत एखादी गोष्ट समजल्यावर हलवतात तशी.

शंभरात एखादा. नंदकुमारचं आयुष्य अशाच शब्दांत गेलं होतं. हवामान खात्यात त्यांचे ठरलेले शब्द होते: तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी. तुरळक ठिकाणी पाऊस म्हणजे जवळजवळ कुठेच नाही असं लोक समजत, आणि तोही इतकी वर्षं तसंच समजत होता. एकदा एका गृहस्थाने रागाने फोन केला होता. मुलीच्या लग्नाचा मांडव भिजून खाली बसला होता. "तुरळक म्हणाला होतात ना तुम्ही?" नंदकुमारने शांतपणे सांगितलं होतं की तुरळक म्हणजे कुठेतरी पडणारच, साहेब. "पण आमच्याकडे तर सगळाच पडला," तो माणूस म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम उतरला. फोन ठेवल्यावर कचेरीत सगळे हसले होते. नंदकुमारही हसला होता.

डॉक्टरांकडून बाहेर पडल्यावर केसपेपर तयार होण्याची वाट बघत ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले असताना शेजारी एक माणूस येऊन टेकला. पन्नाशीचा, मळका पांढरा शर्ट, पायात रबरी चपला. त्याने आपणहून नाव सांगितलं: दत्ताराम, राहणार वाकोला, आधी मिलमध्ये आणि आता एका गोडाऊनवर वॉचमन. मुलीकडे बघून त्याने विचारलं, "पाठीचाच काय?" नंदकुमारने मान हलवली. "माझो झील पण हयसरच असा. रतन. बारा वर्सांचो." आणि मग त्याला घरच्या बोलीत फार वेळ बोलायचं नसावं, किंवा या माणसांना कळणार नाही असं वाटलं असावं, तो मुंबईच्या मराठीवर आला. "पाठीला कुबड आलं होतं त्याच्या. टीबी मणक्यात गेला, म्हणाले. ऑपरेशन झालं, पाठ बसली चांगली. पाय नाय राहिले. गणपती झाले तेव्हापासून खाटीवरच आहे." तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. उघड्या दारातून वॉर्ड दिसत होता, आणि चौथ्या की पाचव्या खाटेवर एक मुलगा उशीला टेकून पेपरातलं चित्रांचं पान बघत होता. चादरीखाली त्याचे पाय होते, नीट, शेजारी शेजारी, कुणीतरी ठेवून दिल्यासारखे. त्याची केस वेगळी आहे, नंदकुमार स्वतःशी म्हणाला. त्याला टीबी होता. आपली केस वेगळी आहे. आणि माणिकला ते दार दिसणार नाही अशा बेताने त्याने जागा बदलली. दत्तारामला ते कळलं असावं. तो उठून गेला.

मग घरात दोन महिने करायचं की नाही करायचं हेच चाललं होतं. सुनंदाची मुलुंडची वहिनी आली आणि कुणातरी मालीशवाल्याचं नाव सांगून गेली. सुनंदा एक दिवस म्हणायची, करूनच टाकू, आणि दुसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता विळी तशीच ठेवून म्हणायची, "चालती-फिरती पोर आहे हो माझी. चालती-फिरती पोर मी तिथे नेऊन निजवायची?" नंदकुमार कधी एका बाजूने बोलायचा, कधी दुसऱ्या. त्याला वाटायचं, कुणीतरी मोठं माणूस यावं आणि सांगावं. वडील गेल्याला नऊ वर्षं झाली होती. ते असते तर त्यांनी काही न कळताही ठामपणे काहीतरी सांगितलं असतं, आणि पुढचं सगळं त्यांच्या नावावर गेलं असतं. आपण बेचाळीस वर्षांचे आहोत आणि या घरात आपणच मोठं माणूस आहोत, ही गोष्ट त्याला त्या दिवसांत पहिल्यांदा नीट कळली. कचेरीत नकाशावर हवेच्या दाबाच्या समभार रेषा ओढताना पेन्सिल आपोआप फिल्मवरच्या त्या वळणाने जायची. रस्त्यात तो माणसांच्या पाठी बघत चालायचा. किती सरळ होत्या सगळ्यांच्या पाठी. भाजीवाल्यांच्या, कॉलेजच्या पोरींच्या, म्हाताऱ्यांच्यासुद्धा. कुणालाही त्याचं काहीच वाटत नव्हतं.

एका रविवारी सकाळी तो गॅलरीत पेपर घेऊन बसला असताना माणिक येऊन कठड्याला टेकली. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या पाठीबद्दल आईशी बोलता, डॉक्टरांशी बोलता, मामींशी बोलता. माझ्याशी नाही बोलत."

"काय बोलू?"

"तुम्हाला काय वाटतं ते."

त्याने पेपराची घडी घातली. "तुला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "पण मला करायचंय. शाळेत प्रार्थनेला रांगेत उभं राहिलं की मागच्या मुली काय बोलतात ते मला ऐकू येतं. आणि पुढे दम लागणारच आहे ना. मग आत्ताच करू."

"पण ते पायांचं..."

"मला माहितेय पायांचं. मीपण तिथेच बसले होते ना. आणि तो मुलगा मी पाहिला, बाबा. तुम्ही जागा बदललीत त्याच्या आधीच."

ती आत गेली. खाली फाटकाशी दूधवाला सायकल लावत होता. नंदकुमारला तिच्यासाठी वाईट वाटलं, पण त्याखाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे त्याला ओळखू येत होतं. त्याला हलकं वाटलं होतं. ठरलं होतं. तेरा वर्षांच्या मुलीने ठरवलं होतं आणि त्याने ठरवू दिलं होतं. त्याच संध्याकाळी त्याने सुनंदाला सांगितलं, "तिचीच इच्छा आहे." हे वाक्य त्याने नंतर डॉक्टरांना सांगितलं, मुलुंडला सांगितलं, कचेरीत सांगितलं, आणि दर वेळी ते बोलताना जिभेला किंचित आंबट लागायचं.

दिवाळी उलटल्यावर ऑपरेशन झालं. रक्त द्यायला कचेरीतले तिघे आले होते. ते काम आटोपून, बिस्किटं खाऊन, नंदकुमारच्या पाठीवर थाप मारून गेले. पाठीवर थाप मारतात याचा त्याने यापूर्वी कधी विचार केला नव्हता. सुनंदा बाकावर डोळे मिटून बसली होती. ती ओठांत काहीतरी म्हणत होती. स्तोत्र असावं असं त्याला वाटलं, मग लक्षात आलं की ती एक्स्चेंजमध्ये बोलायची वाक्यं म्हणतेय, होल्ड करा, लाइन लागतेय, होल्ड करा, आणि तिला स्वतःला ते ठाऊक नाही. आत, त्या दोन दारांच्या पलीकडे, आत्ता माणिकला हाक मारत असतील. काय म्हणून मारत असतील? माणिक? बेटा? तिला घरात उठवायचं म्हणजे तीन हाका लागतात, हे त्यांना सांगायला हवं होतं. पहिल्या हाकेला ती ऐकते पण उत्तर देत नाही. हे कुणालाच सांगायचं सुचलं नाही. तो उठला, दारापर्यंत गेला, दाराच्या गोल काचेतून हिरवा पडदा दिसला, आणि परत येऊन बसला.

डॉ. तळपदे बाहेर आले तेव्हा दुपार कलली होती. ते उभ्याने बोलले नाहीत. नंदकुमारशेजारी बाकावर बसले, आणि ते बसले तेव्हाच नंदकुमारला कळलं.

"जागं केलं तेव्हा उजवा पाय हलला," डॉक्टर म्हणाले. "डावा नाही हलला. आम्ही ताण लगेच उतरवला. परत जागं केलं, तेव्हा डाव्या पायाचा अंगठा हलला, थोडासा. म्हणजे नस जिवंत आहे. सळई ठेवलीय, पण कमी ताणावर. पाठ जेवढी सरळ व्हायला हवी होती तेवढी होणार नाही. आता वाट बघायची."

"किती?" सुनंदा म्हणाली.

"सांगता नाही येत, ताई."

"म्हणजे आठवडे, की महिने, की..."

"मला माहीत असतं तर सांगितलं असतं." त्यांनी डोक्यावरची कापडी टोपी काढली. टोपीचा वळ त्यांच्या कपाळावर उमटला होता. या माणसावर ओरडावं असं नंदकुमारला वाटत होतं, पण ओरडण्यासाठी जे लागतं, समोरच्याची चूक, ती त्याला कुठे सापडत नव्हती. त्यांनी सगळं आधी सांगितलं होतं. एकही शब्द लपवला नव्हता. सांगितलं होतं तसंच झालं होतं.

पुढचे दिवस एका अंगठ्यावर गेले. सकाळी डॉक्टर यायचे, चादर वर करायचे, टाचणीने तळव्याला टोचून विचारायचे, "कळतंय?" माणिक छताकडे बघत सांगायची, कळतंय, नाही कळत, काहीतरी लागतंय पण टोचल्यासारखं नाही. "आता अंगठा वर." आणि सगळे वाकून बघायचे, डॉक्टर, सिस्टर, सुनंदा. माणिकचं कपाळ घामाने भिजायचं, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि खाली, पलंगाच्या टोकाला, तो पिवळट अंगठा तिच्याशी काही संबंध नसल्यासारखा पडून असायचा. मग एखाद्या दिवशी किंचित थरथरायचा. त्या दिवसांत नंदकुमारला एक खोड लागली. बुटात, चपलेत, झोपेत पांघरुणाखाली, तो आपल्या डाव्या पायाचा अंगठा हलवत राहायचा. कचेरीत टेबलाखाली, बसची वाट बघताना, देवापुढे उभा असताना. थांबवलं की काहीतरी हातचं निसटेल असं वाटायचं. एका दुपारी दत्ताराम दोन पेले चहा घेऊन त्याच्या शेजारी बसला. जागा बदलल्याबद्दल काही म्हणावं असं नंदकुमारच्या मनात आलं. दत्तारामने चहा पुढे केला. "घेवा," तो म्हणाला. "थंड होतलो." दोघे चहा प्याले. रतनला दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. वाकोल्याला त्यांची खोली पोटमाळ्यावर होती, शिडी होती, आणि त्याला वर कसा न्यायचा हे अजून ठरलं नव्हतं.

माणिक घरी आली ती काखेपासून कमरेखालपर्यंत प्लॅस्टरमध्ये. तिला दोघांनी मिळून लाकडाच्या ओंडक्यासारखी कुशीवर वळवावी लागायची, आणि आता नंदकुमारने खाकरायचं सोडलं, कारण वळवायला, पुसायला, उचलायला चार हात लागत होते. प्लॅस्टरच्या आत खाज सुटली की ती विणायची सुई मागायची. घामाचा, पावडरीचा, चुन्याचा असा एक वास त्या खोलीला आला होता. सुनंदाने रजा संपवून कामावर जायला सुरुवात केली, आणि नंदकुमारने रात्रपाळ्या मागून घेतल्या म्हणजे दिवसा घरी राहता येईल. अशाच एका दुपारी, तो तिच्या डाव्या पावलाला तेल चोळत असताना, ती छताकडे बघत म्हणाली, "बाबा, मला ते आठवतंय."

"काय?"

"मधे उठवलं ते."

त्याचा हात थांबला. "दुखलं?"

"नाही. तोंड खाली होतं माझं, नळी होती, बोलता येत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, माणिक, पाय हलव. मी हलवले. दोन्ही हलवले. मग परत म्हणाले, डावा हलव. मी हलवतच होते, बाबा. मला वाटलं त्यांना दिसत नाहीये. मी जोरात हलवत होते आणि ते म्हणत होते, हलव, डावा हलव. मला सांगायचं होतं की अहो, हलवतेय ना." तिने मान भिंतीकडे वळवली. "आईला सांगू नका."

त्याने सांगितलं नाही. तो पावलाला तेल चोळत राहिला, बोटांच्या बेचक्यांतून, घोट्याभोवती, टाचेवर. बोलण्यासारखं काही असतं तर ते तेव्हाच बोलायला हवं होतं. पण जगातलं कुठलंही वाक्य त्या खोलीत, त्या हिरव्या पडद्यामागे, नळी तोंडात असलेल्या मुलीपर्यंत पोचणार नव्हतं. रात्री कामावर असताना, टेलिप्रिंटर खडखडत असताना, ते त्याला ऐकू यायचं. हलवतेय ना.

पुढच्या गणपतीच्या सुमाराला प्लॅस्टर उतरलं. मांडीतला जोर परत आला होता, गुडघा परत आला होता; घोट्याच्या खालचं पाऊल मात्र पूर्ण उचललं जात नव्हतं, चालताना पुढचा भाग जमिनीला घासायचा. त्यासाठी बुटात घालायची पोटरीपर्यंतची पट्टी मिळाली. पाठ अगदी सरळ झाली नव्हती, पण आता वाढणार नव्हती. डॉ. तळपद्यांनी नवी फिल्म जुन्या फिल्मशेजारी लावली. मणक्यांच्या बाजूने सळई गेली होती, पांढरी, ठाम, शरीरातली एकमेव सरळ रेघ. "एकंदरीत चांगला निकाल आहे," ते म्हणाले. पार्ल्यात शिरल्यावर रिक्षात सुनंदा म्हणाली, "चांगला म्हणजे कुणाच्या मानाने?" माणिक दोघांच्या मध्ये बसून बाहेर बघत होती. आणि घरी आल्यावर, माणिक न्हाणीघरात असताना, सुनंदाने इतक्या महिन्यांचं साठलेलं एका दमात बोलून टाकलं, अगदी खालच्या आवाजात, ज्या आवाजाची तिला स्वतःला चीड होती. "तुम्ही तिला विचारलंतच का? तेरा वर्षांच्या पोरीला असलं कुणी विचारतं? उद्या तिला वाटेल, मीच म्हणाले होते म्हणून असं झालं. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत ते?"

"कळतंय," तो म्हणाला.

ती आणखी काही बोलेल म्हणून तो थांबला. पण तिने कुकरचं झाकण उघडलं आणि वाफ दोघांच्या मध्ये आली.

डिसेंबरात शाळेची सहल मढला जाणार होती. माणिकने घरात विचारलं नाही, सांगितलं. सुनंदा म्हणाली, वाळूत कशी चालशील, होडीत कशी चढशील, आणि कोण बघणार तुझ्याकडे. "मी बघेन," माणिक म्हणाली. हल्ली तिच्या बोलण्यात एक कोरडेपणा आला होता; उद्धटपणा नव्हता तो, पण त्याच्यापुढे बोलणं सरायचं. शेवटी नंदकुमारने सोबत वर्सोव्यापर्यंत जायचं असं ठरलं. बाकीच्या मुली शाळेच्या बसने आल्या होत्या. धक्क्यावर सुक्या मासळीचा वास होता, ओहोटी लागली होती आणि पलीकडे नेणारी लाँच धक्क्याच्या पातळीच्या बरीच खाली हेलकावत होती. मुली एकमेकींचे हात धरून, किंचाळत, पटापट उड्या टाकत होत्या. बाईंनी नंदकुमारला पाहिलं. "तुम्ही कशाला आलात हो एवढं? आम्ही आहोत ना," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत, अगदी सहज, ती दया आली. त्याने ती लगेच ओळखली.

माणिकची पाळी आली. लाँच वर यायची, खाली जायची. लाँचवाल्याने हात पुढे केला. नंदकुमार एक पाऊल पुढे झाला, त्याचाही हात निघाला होता. माणिकने दोघांकडे पाहिलं नाही. ती पाण्याकडे बघत होती, लाँच किती वर येते, किती खाली जाते, ते बघत होती. मग तिने स्कर्ट गोळा केला, धक्क्याच्या ओल्या, शेवाळलेल्या दगडावर सरळ खाली बसली, पाय खाली सोडले, आणि लाँच वर आल्याबरोबर ढुंगणावर घसरत आत उतरली. मुली हसल्या. तीही हसली. स्कर्टला मागे हिरवा डाग पडला होता. कुणीतरी तिला सरकून जागा दिली, ती बसली, पाठ ताठ ठेवून, कारण वाकवायची म्हटली तरी आता ती वाकणार नव्हती.

"संध्याकाळी पाचला या," बाई ओरडल्या.

लाँच सुटली. खाडी तिथे फार रुंद नाही. पलीकडचा धक्का, त्याच्यावरचे नारळ, वाळत घातलेली जाळी, सगळं स्पष्ट दिसत होतं. तिकडे उतरताना चढायचं असेल की उतरायचं, तिकडचा दगड कसा असेल, हे त्याला माहीत नव्हतं. लाँच मध्यावर गेली तेव्हा एका मोठ्या बोटीची लाट तिच्याखालून गेली आणि सगळ्या मुली एकदम ओरडल्या. नंदकुमारचा हात अजून थोडा पुढे होता. त्याने तो खिशात घातला. शेजारी एक कोळीण टोपलीवर फडकं झाकत होती, तिने विचारलं, "जायचं काय पलीकडं? आता दुसरी सुटंल."

"नाही," तो म्हणाला.

मग तो धक्क्याच्या कडेला होड्या बांधायच्या एका लोखंडी खुंटावर बसला. सकाळचे नऊ वाजत आले होते.